वरच्या मळ्याची चंदेरी अक्षरं

बाळांनो, गेल्या रविवारी तुम्ही फोनच्या कॅमेऱ्यासमोर एक टी-शर्ट धरलात आणि विचारलंत, "आजी, ही कुठल्या ग्रहावरची भाषा?" मी चष्मा पुसून पाहिलं. तुमचीच नावं होती, मराठीत होती, आणि तुम्हाला ती वाचता येत नव्हती. त्यात तुमचा काही दोष नाही. ज्यांचा सगळा जन्म इथं गेला त्यांनाही ती अक्षरं वाचता आली नव्हती. तुमची आई मागून हसत म्हणाली, "आजीला विचारा. त्या अक्षरांपायी आजोबांनी एका माणसाला चोर ठरवलं होतं." तेवढ्यात रेंज गेली.

फोनवर मला नीट सांगता येत नाही. मधेच चित्र थांबतं, तोंड उघडं राहतं, आणि सांगण्याचा क्रम मोडतो. म्हणून लिहून पाठवते आहे. आताच लिहायचं कारण म्हणजे तिकडच्या कोणा माणसाला ही अक्षरं एका कॉम्प्युटर खेळाच्या नावासाठी हवी आहेत, असं तुमची आई सांगत होती. तो माणूस कोण, कसा, मला माहीत नाही. खेळ कसला आहे हेही तिनं धड सांगितलं नाही. पण अक्षरं परक्याच्या हातात जायच्या आधी ती पहिल्यांदा कशावर उमटली आणि मग काय झालं, हे घरच्यांना ठाऊक असलेलं बरं.

पहिल्यांदा ती टोमॅटोच्या कॅरेटवर उमटली. टोमॅटो भरायच्या जाळीदार प्लास्टिकच्या खोक्याला इथं सगळे कॅरेट म्हणतात. मी जुन्नरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, तरी घरात मीही कॅरेटच म्हणायची. तुमची आई तेव्हा मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आपल्या वरच्या मळ्यात उन्हाळी टोमॅटो लावलेला असायचा. सकाळी तोडा, दुपारी निवडून भरणं, मग टेम्पोवाला येऊन आसपासच्या सगळ्या मळ्यांचा माल नारायणगावच्या बाजारात न्यायचा. तिथं माल ओतून झाला की रिकामी कॅरेटं परत आणून तो फाट्यावर एकाच ढिगात उतरवायचा. ज्यानं त्यानं आपली खूण पाहून आपली उचलायची. खूण म्हणजे ऑइलपेंटनं ओढलेली आडनावाची आद्याक्षरं, नाहीतर नुसता ठिपका किंवा त्रिशूळ.

तिन्हीसांजेच्या घाईत याचं कॅरेट त्याच्याकडे जायचंच. पण त्याचीही एक रीत होती. घरी गेल्यावर दुसऱ्याची खूण दिसली की माणसं दुसऱ्या दिवशी जाता-येता ते ज्याचं त्याच्या दारात ठेवून जायची. हाक मारायची नाही, चहाला थांबायचं नाही, नुसतं ठेवायचं. ही रीत लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

तुमच्या आजोबांचा मात्र त्या रीतीवर भरवसा नव्हता. त्यांना प्रत्येक गोष्टीच्या मागं कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. मोटार जळाली की वायरमन, गाय आटली की शेजारणीची नजर, पावसानं ओढ दिली की खोडदच्या दुर्बिणी. शेवटच्या बाबतीत ते एकटे नव्हते. खोडदच्या रानात त्या अवाढव्य जाळीच्या थाळ्या उभ्या राहिल्या तेव्हापासून निम्म्या तालुक्याला वाटत होतं की त्या ढग पळवतात. काहींचं म्हणणं, त्या आपलं बोलणं ऐकतात. मी वर्गात मुलांना सांगायची की त्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी टिपतात. मुलं मान डोलवायची आणि घरी जाऊन ढगांचंच सांगायची.

त्या वर्षी कॅरेटं थोडी जास्तच कमी झाली होती. आजोबा म्हणाले, "कोणीतरी आपल्या खुणेवर रंग मारतंय." त्याच सुट्टीत तुमची आई मुंबईहून एक लांबलचक नळकांडं घेऊन आली. त्यात आलेखाचे कागद होते.

कॉलेजात त्यांना काम दिलं होतं, येणाऱ्या काळाची अक्षरं काढा. तिनं ठरवलं होतं की फक्त वर्तुळ आणि सरळ रेघ वापरायची, जाडी सगळीकडे एकच. माझ्या वाट्या, चहाच्या बशा, माझ्या हातातली एक बांगडीसुद्धा तिनं मापासाठी नेली. मी ओट्यावर डबे ओळीनं लावून ठेवणारी बाई. एक वाटी जागेवर नसली की मला चैन पडत नाही. वाटी शोधत तिच्या खोलीत गेले आणि कागद पाहिला.

"शिरोरेषा कुठं गेली?" मी विचारलं.

"काढून टाकली."

"का?"

"आई, त्या रेघेमुळे आपली अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबतात. मला ती आपल्या पायांवर उभी करायचीयेत."

"लोकांना वाचता येतील?"

"सवय झाली की येतील."

"आणि सवय होईपर्यंत?"

ती बांगडी फिरवून ळ काढत राहिली. तिचा ळ म्हणजे दोन पूर्ण गोल आणि मधे एक खांब. व म्हणजे खांबाला चिकटलेला एक गोल. प्रत्येक गोलाला एक तिरकी फट होती, सगळ्यांना एकाच कोनात. दिसायला देखणं होतं, हे मी नाकारणार नाही. पण चांगलं दिसणाऱ्या गोष्टीनं आपलं मूळ काम सोडलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तू व्याकरण शिकवतेस म्हणून तुला असं वाटतं."

आजोबांना मात्र कागद पाहताच हर्ष झाला. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "हे कोणाच्या बापाला पुसता यायचं नाही. आणि पुसलं तरी दुसऱ्या कोणाला असलं काढता यायचं नाही. आपल्या कॅरेटांवर हेच घालायचं."

"काय लिहायचं, बाबा?"

"वरचा मळा. दुसरं काय?"

साचा कापायला जाड पुठ्ठा टिकेना, रंगानं फुगायचा. मग तिनं आजोबांच्या छातीचा जुना एक्स-रे कापला. तेव्हा मला त्या तिरक्या फटींचं कारण कळलं. फट नसती तर साचा कापताना गोलाचा मधला भाग सुटून पडला असता. फाटकाला लावून उरलेला चंदेरी रंग होता, तो स्पंजानं थोपटत त्या दोघा बापलेकींनी अंगणात निळ्या कॅरेटांवर अक्षरं उमटवली. जुन्या खुणा खरवडून काढल्या. कॅरेटं उन्हात वाळत घातली तेव्हा शेजारच्या मळ्यातली जाऊबाई दूध घेऊन आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई बाई, ही कसली नक्षी म्हणायची?"

"नक्षी नाही काकू, अक्षरं आहेत," तुमची आई म्हणाली.

"अक्षरं? मंग डोकी कुणी उडवली त्येंची?"

आजोबा मोठ्यानं हसले. मी हसले नाही.

पहिल्या दोन-चार तोड्यांनंतरच कॅरेटं गायब व्हायला लागली. पूर्वी एखादं जायचं आणि आठवड्यात परत दारात दिसायचं. आता गेलेलं परत येईना. आजोबांनी गड्याला फाट्यावर लवकर पाठवायला सुरुवात केली, तरी उपयोग झाला नाही. रिकामी कॅरेटं कमी पडायला लागली तसा पिकलेला माल शेडमध्ये जमिनीवर पसरून ठेवावा लागला. आजोबा ओसरीत येरझाऱ्या घालायचे.

"खूण पुसता येत नाही म्हणून आता अख्खं कॅरेटच उचलतोय," ते म्हणाले.

"कोण?"

"बाजारात कोण नेतं? परत कोण आणतं? मधल्या रस्त्यात कोण असतं?"

म्हणजे टेम्पोवाला. हा माणूस लांबच्या नात्यातलाच, आपल्या वाडीतला. लहानपणी माझ्या वर्गात होता. इंग्रजीत बेताचा, पण निरोप कधी विसरायचा नाही. टेम्पो हीच त्याची शेती, कारण वडिलांची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली होती. आपल्या वाडीत लोक त्याच्याकडे माल देत ते पावती-बिवती न घेता. तोड्याचा माल आणि कॅरेटं एका माणसाच्या हवाली करायची आणि निवांत घरी जायचं. हा भरवसा गेला की त्याच्या टेम्पोत कोण माल भरणार? आणि वाडीत एखाद्या घरानं तोंड फिरवलं की बाकीची घरं कारण विचारत बसत नाहीत.

आजोबांनी तोंड फिरवलं. सरळ काही बोलले नाहीत. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत चारचौघांत म्हणाले, "सोमवारपासून मी दुसरी गाडी बघतोय. कारण त्याला ठाऊक आहे." एवढंच. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. शेजारच्या मळ्यानं माल भरताना आपला एक माणूस टेम्पोत बसवून पाठवला. कोणी म्हणे त्यानं कॅरेटं आळेफाट्याला विकली, कोणी म्हणे ओतूरला. ज्यानं त्यानं आपापल्या हरवलेल्या घमेल्या-खुरप्यांची आठवण काढायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी तो दुपारी घरी आला. आजोबा शेतावर होते. तो आत येईना, पायरीवरच उभा राहिला.

"बाई, तुमी तरी खरं सांगा. तुमाला वाटतं का मी नेली आसत्याल?"

मी म्हटलं, "मला काय वाटतं त्यानं काय होणार? कॅरेटं कुठं गेली ते कळायला हवं."

"आवं, माझ्या उघड्या गाडीत कॅरेटं लपवायला जागा तरी हाय का? आन् चोरायचीच तर मी वाचता येणारी चोरीन ना! तुमच्या त्या चंदेरीवर काय लिव्हलंय त्ये मला आजून उमगलं न्हाई. रातीच्याला त्याच्यावर गाडीची लाइट पडली की लई भ्या वाटतं, बाई."

तुमची आई दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा पडला. चोरीचं तिला तेवढं लागलं नव्हतं, जेवढं 'उमगलं न्हाई' लागलं, असा मला संशय आहे.

आरोप ठेवायचा तर आधी रस्ता तपासावा, असं माझं म्हणणं होतं. रविवारी आजोबांना मी स्पष्ट सांगितलं, "अहो, फाट्यापासून सुरू करून तो जिथं जिथं जातो आणि लोक जिथून जिथून फाट्यावर येतात, तिथं विचारत जाऊ. त्याच्याच गाडीतून जाऊ."

"चोराच्याच गाडीतून?"

"चोर असेल तर गाडी त्याच्याच घरी जाऊन थांबेल. नसेल तर तुम्हालाही कळेल."

कुरकुरत का होईना, ते तयार झाले. पुढं टेम्पोवाला, मी आणि आजोबा, तिघंही समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत.  तुमची आई मागं उभी, हातात नमुन्याचं एक चंदेरी कॅरेट. येडगावच्या बाजूच्या दोन मळ्यांत विचारलं, त्यांना काही माहीत नव्हतं. आजोबा मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "बघ. सगळे मिळालेले आहेत." तिसऱ्या मळ्यात एक म्हातारी शेंगा वाळवत बसली होती. तुमच्या आईनं कॅरेट खाली उतरवलं, तशी ती उठून दोन पावलं मागं सरली.

"ह्ये हितं नगं बाई! मागं दोन आलती चुकून. पोरानं लगोलग पोचवली."

"कोणाकडे पोचवली, आजी?"

"कुणाकडं म्हंजी? ज्येंची हायत त्येंच्याकडं. दुर्बिणीवर."

आजोबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "दुर्बिणीवर कशाला?"

"मंग त्येंच्यावर चित्र कुणाचं हाय? ही बघ की थाळी, हा खांब. आन् ह्या दोन थाळ्या, मदी खांब." म्हातारीनं काठीच्या टोकानं आधी व दाखवला, मग ळ. "चांदीचा रंग बी त्योच. सरकारी माल, घरात ठिवला तर उद्या चौकशी यायची. आमी आपली लांबनं गेटात ठिवून आलो. कुणाला हाक सुदिक मारली न्हाई."

 टेम्पोवाल्यानं गाडी सुरू केली आणि आजोबांना न विचारता खोडदच्या रस्त्याला वळवली.

थाळ्या लांबूनच दिसायला लागतात. त्या दिवशी मी त्या पहिल्यांदाच वर्गातल्या धड्याबाहेर नीट पाहिल्या. सगळ्या एकाच कोनात कललेल्या. मी मागच्या छोट्या काचेतून तुमच्या आईकडे पाहिलं. ती हातातल्या कॅरेटकडे बघायची आणि पुन्हा वर. तिनं पुढं अनेकदा शपथेवर सांगितलं की तिनं दुर्बिणींवरून अक्षरं काढली नव्हती, वाटीवरूनच काढली होती. पण लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून त्या उभ्या राहताना ती पाहत आली होती. मला तिच्या शपथेवर आजही पूर्ण विश्वास नाही.

गेटच्या आत, इमारतीपासून दूर, एका लिंबाच्या झाडाखाली आमची कॅरेटं रचून ठेवली होती. भोवती चुन्याची रेघ ओढलेली. वॉचमन हात वर करून धावत आला.

"बाई, हात लावू नगा! बेवारस वस्तू हाय!"

"बेवारस कसली, आमची आहेत," आजोबा म्हणाले.

"कशावरनं? रोज सकाळी गेटाला एक-दोन उगवत्यात. ठिवणारा दिसत न्हाई. सायबाला इचारलं, सायेब म्हनले कंत्राटदाराची आसत्याल. कंत्राटदार म्हनला आपली न्हाईत. दिवस कसलं आलंत ठावं हाय ना? रेडिओवर रोज सांगत्यात, बेवारस वस्तूला हात लावू नगा. मी चुना टाकून ठिवलाय."

"अरे, त्यावर लिहिलंय ना, वरचा मळा."

"कुठं लिव्हलंय? मला तर डिश दिसतीया."

आजोबांनी बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचून दाखवलं. वॉचमननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आसं तर मी बी काय बी वाचीन. हितं 'खोडद' लिव्हलंय म्हनलं तर?"

 जी कोणाला पुसता येणार नाही म्हणून आजोबांनी मिरवली होती, तीच खूण आता त्यांच्या बाजूनं साक्ष देईना. टेम्पोवाला थोडा लांब, गाडीला टेकून उभा होता. कॅरेटं आमचीच हे इथं ठरलं नसतं, तर वाडीत परत जाऊन सांगायला काय उरलं असतं? दुर्बिणीच्या दारात कोणाची तरी निळी कॅरेटं आहेत, एवढंच. त्याच्यावरचा डाग तसाच राहिला असता.

तुमची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, खडू आहे?"

माझ्या पर्समध्ये खडू कायम असतो. तिनं चुन्याच्या रेघेजवळ आपलं नमुन्याचं कॅरेट ठेवलं, उकिडवी बसली, आणि स्वतःच्या अक्षरांच्या डोक्यावरून एका दमात आडवी पांढरी रेघ ओढली. मधे एकदाच हात उचलला, दोन शब्दांमध्ये.

वॉचमन वाकला. त्याचे ओठ हलले.

"व-र-चा... म-ळा." मग तो सरळ झाला. "आरं तिच्या! मंग ह्ये आदीच का न्हाई केलं, ताई?"

तुमची आई खाली बघून खडू पुसत होती. टेम्पोवाल्यानं येऊन रेघ असलेलं अक्षर पाहिलं, मग रेघ नसलेलं पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसला. "म्हंजी समदी परामाणिकपणानंच पोचवत व्हती व्हय!"

कॅरेटं टेम्पोत चढली. आजोबांनीही ती चढवताना हात लावला. परतताना फाट्यावर टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरले, आणि जिथं ते वाक्य बोलले होते तिथंच उभं राहून म्हणाले, "कॅरेटं खोडदला होती. लोकांनीच नेऊन ठेवली होती. माल याच्याच गाडीतून जाईल." लगेच गाडीत येऊन बसले. त्यांच्यासाठी ते फार होतं. पण माफी हा शब्द त्यात नव्हता, हे टपरीतल्या प्रत्येकानं टिपलं.

टेम्पोवाल्यानंही टिपलं. दुसऱ्या दिवसापासून तो माल भरायला आला की आमच्या अंगणात उभा राहून कॅरेटं मोठ्यानं मोजायचा, शेजारच्या मळ्यापर्यंत ऐकू जाईल अशी. परत आणली की पुन्हा मोजायचा. "बघून घ्या आण्णा, मागनं नगं." आजोबा म्हणायचे, "पुरे रे, कळलं." तो थांबायचा नाही. पुढं त्यानं ती गाडी विकून दुसरी घेतली तरी मोजणं सोडलं नाही. बाकीच्या मळ्यांत तो कधी मोजायचा नाही.

आजोबांचाही संशय पुरता गेला नाही. खोडदहून आणलेली मोजूनही त्यांच्या हिशेबात थोडी कमीच होती. "उरलेली कुठायत?" असं ते अधूनमधून भिंतीकडे बघून म्हणायचे. मात्र त्यांनी अक्षरं बदलली नाहीत. कारण आमच्या कॅरेटांची चौकशी झाली अशी बातमी पंचक्रोशीत फिरली होती, आणि त्यानंतर कोणी ती चुकूनसुद्धा घरी नेईना. खडूची रेघ आपोआप गेली, ती कोणी पुन्हा ओढली नाही.

सुट्टी संपताना टेम्पोवाल्यानं तुमच्या आईला गाडीच्या मागच्या फळीवर लिहून मागितलं. "आई-वडिलांचा आशीर्वाद लिवा, ताई. पर वरची रेघ द्या. न्हाईतर मला बी दुर्बिणीवर सोडून येत्याल." तिनं दिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चंदेरी, सरळ. मुंबईला गेल्यावर कॉलेजात मात्र बिनरेघेचीच दाखवली, आणि तिथं तिचं कौतुक झालं. पुढं कॉम्प्युटरवर तिनं ती पक्की केली तेव्हा रेघ हवी तर लावता येईल अशी सोय ठेवली, असं ती सांगते. तुमच्या टी-शर्टवर ती लावलेली नाही, हे मी पाहिलं. खेळवाल्या माणसाला ती सोय आहे हे तिनं सांगितलंय का, तेवढं तिला विचारा.

टेम्पो आता नाही, आजोबा नाहीत, वरच्या मळ्यात आता ऊस आहे. एक निळं कॅरेट उरलंय, मागच्या पडवीत. त्यात मी कांदे ठेवते. एका बाजूचा व आणि ळ अजून दिसतो. एक्स-रेचा साचा माझ्या कपाटाच्या मागं उभा करून ठेवला आहे. खिडकीसमोर धरला की आजोबांच्या बरगड्यांवर सगळी अक्षरं दिसतात.